एक हेडफोन, तीन आवाज



‘बाबा, तुम्ही सिग्नल्सवाले. मराठी पानासाठी काहीतरी तांत्रिक लिहून द्या,’ असा आमच्या कॅडेटचा सुट्टीभर तगादा होता. तो नववीत आहे. विषयही त्यानेच सुचवला. या विषयाला मुळात तोच कारणीभूत आहे, म्हणून सुरुवात त्याच्यापासूनच करतो.

सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाल्यावर मी दिल्लीजवळ नोएडात स्थायिक झालो. एका कंपनीच्या मदतकक्षाचे काम घरी बसून करतो. कानाला हेडफोन आणि समोर लॅपटॉप, असे दिवसाचे सात-आठ तास जातात. शेजारच्या खोलीत माझी आई असते. वय चौऱ्याऐंशी, गुडघ्यांनी साथ सोडलेली. काही हवे असले की ती हाक मारते.

गेल्या पावसाळ्यातला एक रविवार. सौ. बाजारात गेली होती, मी कामावर होतो आणि मोबाइल बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावलेला होता. रविवारी सकाळी वसतिगृहातून मुलांचे फोन येतात. एकच फोन, समोर रांग, प्रत्येकाला पाच मिनिटे. पालकांना हे वेगळे सांगायला नको. मी हेडफोन काढला तेव्हा पावणेअकरा वाजले होते. मोबाइलवर तीन मिस्ड कॉल. उलट फोन लावला तर दुसऱ्याच मुलाने उचलला, ‘जय हिंद सर, त्याचा नंबर होऊन गेला.’

आतून आईचा आवाज आला, ‘कानात बोळे घालून बसतोस! फोन वाजतोय म्हणून दोनदा हाक मारली तुला.’

पुढच्या रविवारी कळले, की आदल्या दिवशी तो आंतरसदन बॉक्सिंगची अंतिम लढत हरला होता आणि तेवढेच सांगायचे होते. ‘मागे बारा जण उभे होते, बाबा. तिसऱ्यांदा लावला तेव्हा मागचा म्हणाला, राहू दे आता.’

सिग्नल्स कोअरची स्थापना १५ फेब्रुवारी १९११ ची. तिचे ब्रीदवाक्य ‘तीव्र चौकस’. ज्याने उभी नोकरी या वाक्याखाली काढली, त्याला घरातल्या घरात दोन संदेश चुकले. तेव्हा ठरवले, की लॅपटॉप, मोबाइल आणि आईची हाक हे तिन्ही आवाज एकाच हेडफोनमध्ये आणायचे. ते कसे आणले, कुठे चुकलो आणि शेवटी काय उमगले, ते सांगतो.

पहिली चूक: उलटी लावलेली वायर

हेडफोनची पिन नीट पाहा. साडेतीन मिलिमीटर जाडीच्या त्या पिनेवर काळ्या रेघा असतात. दोन रेघा असल्या तर पिनेचे तीन भाग होतात. टोक डाव्या कानाचे, मधले कडे उजव्या कानाचे आणि मागचा भाग दोघांचा सामाईक, म्हणजे ग्राउंड. तीन रेघा असल्या तर चौथा भाग माइकचा.

बाजारात वाय आकाराची वायर मिळते. एका मोबाइलवर दोघांना गाणी ऐकता यावीत म्हणून ती असते. मी कोपऱ्यावरच्या दुकानातून ती आणली आणि उलटी वापरली. दोन टोके मोबाइल आणि लॅपटॉपला, तिसऱ्याला हेडफोन. दोन्ही आवाज बारीक आणि फाटके येऊ लागले. मुकाट्याने वायर काढली.

असे का झाले? गावाकडच्या मुलांना लगेच समजेल. एका विहिरीवर दोन मोटारी आहेत आणि दोन्ही एकाच पाइपाला जोडल्या आहेत. मध्ये नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह नसेल, तर एक मोटार ढकलेल ते पाणी शेतात जाण्याऐवजी दुसऱ्या मोटारीतून परत विहिरीत पडेल. इथेही तसेच होते. हेडफोनला जोर मिळावा म्हणून मोबाइल किंवा लॅपटॉपच्या आउटपुटचा अंतर्गत रोध मुद्दाम कमी ठेवलेला असतो, बहुधा काही ओहमच. आपला साधा हेडफोन ३२ ओहमचा धरा आणि समोरच्या यंत्राचे आउटपुट २ ओहमचे. मोबाइलमधून निघालेल्या विद्युतधारेपुढे आता दोन वाटा आहेत. सोप्या वाटेने, म्हणजे लॅपटॉपमध्ये, ती हेडफोनच्या सोळापट जाते. सतरा भागांतला एक भाग कानापर्यंत पोहोचतो. शिवाय दोन्ही यंत्रांवर फुकटचा भार पडतो.

लक्षात ठेवायचे ते एवढेच: एकाचे दोन करायला नुसती वायर चालते, दोघांचा एक करायला नुसती वायर चालत नाही.

शंभर ओहमची डबी

उपाय स्वस्त आहे. प्रत्येक यंत्र आणि हेडफोन यांच्यामध्ये एकेक रेझिस्टर बसवायचा. एका यंत्राची धारा दुसऱ्यात शिरू लागली की तिला हा अडसर लागतो.

लाल किल्ल्यासमोर लजपतराय मार्केट आहे. इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांची ती दिल्लीतली जुनी बाजारपेठ. तिथून १०० ओहमचे सहा रेझिस्टर, चार सॉकेट आणि एक प्लॅस्टिकची डबी आणली. सहा अशासाठी, की यंत्रे तीन आणि प्रत्येकाचे कान दोन. प्रत्येक सॉकेटच्या टोकाला एक आणि कड्याला एक रेझिस्टर. डावीकडचे तीन एकत्र करून हेडफोनच्या डाव्या बाजूला, उजवीकडचे तीन उजव्या बाजूला. ग्राउंडच्या वायरी सगळ्या एकत्र, त्यांना रेझिस्टर नाही.

दहावीच्या कॅडेटनी हा हिशेब वहीत करून पाहावा. आधी दोनच यंत्रे घेऊ. पहिल्या यंत्राच्या दृष्टीने ३२ ओहमचा हेडफोन आणि दुसऱ्या यंत्राकडे जाणारा १०० ओहम हे समांतर जोडणीत आहेत. त्यांचा परिणामी रोध सुमारे २४ ओहम. त्याच्या आधी एकसरीत स्वतःचा १०० ओहम. म्हणजे यंत्रावर एकूण भार १२४ ओहम, अगदी सुरक्षित. हेडफोनला मिळणारे विभवांतर १२४ पैकी २४, साधारण पाचवा भाग. तिसरे यंत्र जोडले की ते सहाव्या भागावर येते.

म्हणजे आवाज कमी होतो, हे मान्य. पण मोबाइल आणि लॅपटॉपमध्ये आवाज वाढवायला बरीच जागा असते. बोलणे ऐकण्यापुरते ते पुरते. न पुरल्यास डबीच्या पुढे हेडफोनचा छोटा अँप्लिफायर लावावा. सोल्डरिंग करायचे नसेल तर तयार छोटा मिक्सरही मिळतो. (‘मिक्सर आणतो’ म्हटल्यावर सौ. चटणीची तयारी करून बसली होती, तो भाग वेगळा.) त्यात प्रत्येक आवाजाला स्वतंत्र बटण असते आणि यंत्रे एकमेकांपासून आतूनच वेगळी ठेवलेली असतात. शाळेच्या नाटकासाठी किंवा वार्षिक दिनासाठी तोच घ्यावा.

आईच्या पलंगाजवळ एक छोटा माइक बसवला. माइकमधून येणारा संकेत फार दुबळा असतो, काही मिलिव्होल्टचा. तो थेट डबीत घातला तर काहीच ऐकू येत नाही. म्हणून माइकनंतर आधी एक प्री-अँप्लिफायर आणि मग डबी. वायर जाळीच्या आवरणाची घेतली, नाहीतर भिंतीतल्या विजेच्या तारांची गुणगुण तीत शिरते.

तरीही गुणगुण आलीच. ‘हूं...’ असा एकसुरी आवाज. लॅपटॉप आणि प्री-अँप्लिफायर दोन्ही भिंतीतल्या विजेवर होते. डबीत दोघांचे ग्राउंड जुळले आणि एक बंद वळसा तयार झाला. त्यातून आपल्या विजेचे ५० हर्ट्‌झ ऐकू येऊ लागले. लॅपटॉपचा चार्जर काढला, आवाज बंद. प्री-अँप्लिफायर बॅटरीवर चालवला आणि प्रश्न कायमचा मिटला.

एक ताकीद. या डबीला फक्त हेडफोनचे किंवा लाइनचे आउटपुट जोडायचे. सभागृहातल्या अँप्लिफायरची स्पीकरकडे जाणारी लाइन कधीही जोडू नका. मोठ्या सभागृहात ती ७० किंवा १०० व्होल्टची असू शकते. डबी जळेल, मोबाइल जळेल आणि ज्याच्या कानाला हेडफोन आहे त्याचे काय होईल ते सांगत नाही.

डबी न करता

कुणी म्हणेल, आता ब्लूटूथचा जमाना आहे. खरे आहे. काही हेडफोन एकाच वेळी दोन यंत्रांना जोडलेले राहतात, त्याला मल्टिपॉइंट म्हणतात. पण साधारणपणे त्यात दोन्ही आवाज मिसळत नाहीत. एका वेळी एकच वाजतो. लॅपटॉपवर गाणे चालू असताना फोन आला की गाणे थांबते आणि फोन ऐकू येतो. फोन चुकू नये एवढीच गरज असेल तर हा सर्वांत सोपा मार्ग. मला आईची हाक आणि काम दोन्ही एकाच वेळी हवे होते, म्हणून तो माझ्या कामाचा नव्हता.

दुसरा मार्ग संगणकाचा. एकाच संगणकावरचे सगळे आवाज तो स्वतःच मिसळतो. बैठक चालू असताना संदेशाची घंटी वाजते ती अशीच. बऱ्याच डेस्कटॉप संगणकांच्या मागे निळ्या रंगाचे लाइन-इन सॉकेट असते. बाहेरचा आवाज तिथून आत घेतला की रेझिस्टरची गरजच नाही. अडचण इतकीच, की संगणक बंद असला तर घरचे सगळे संदेश बंद.

कान दोन, लक्ष एक

डबी तयार झाली. तिन्ही आवाज स्वच्छ ऐकू येऊ लागले. मी खूश. तिसऱ्याच दिवशी आई म्हणाली, ‘मघाशी पाणी मागितलं होतं.’ माइक चालू होता, आवाज कानात आला होता. मी कामाचे ऐकत होतो.

हे का होते, यावर जुने संशोधन आहे. १९५३ साली कॉलिन चेरी या शास्त्रज्ञाने लोकांच्या दोन कानांत दोन वेगळी भाषणे ऐकवली आणि एका कानातले भाषण मोठ्याने म्हणत जायला सांगितले. लोकांनी ते केले. नंतर विचारले, दुसऱ्या कानात काय चालले होते? पुरुषाच्या जागी बाई बोलू लागली हे त्यांच्या ध्यानात आले होते. पण मध्येच भाषा बदलून जर्मन झाली, हे समजले नव्हते. पुढे १९५९ मध्ये नेव्हिल मोरे यांनी दुर्लक्षित कानात ऐकणाऱ्याचे स्वतःचे नाव घातले. ते सुमारे एक तृतीयांश लोकांनाच कळले. बाकीच्यांचे स्वतःचे नावसुद्धा निसटले!

म्हणजे ध्वनी पोहोचवणे हे वायरीचे काम, पण संदेश पोहोचणे ही वेगळी गोष्ट. याची फार मोठी किंमत आमच्या या दिल्ली परिसराने पाहिली आहे. १२ नोव्हेंबर १९९६ च्या संध्याकाळी दिल्लीहून निघालेले सौदी विमान आणि दिल्लीकडे येणारे कझाकस्तानचे विमान हरियाणातल्या चरखी दादरीवर आकाशात एकमेकांवर आदळले. दोन्ही विमानांतली सर्वच्या सर्व ३४९ माणसे गेली. कझाक विमानाला १५,००० फुटांवर राहायचे होते, सौदी विमानाला १४,००० फुटांवर. समोरून विमान येत असल्याची सूचनाही नियंत्रकाने दिली होती. कझाक विमानात नियंत्रकाशी बोलायला वेगळा रेडिओ ऑपरेटर होता आणि विमान दुसऱ्यांच्या हातात होते. न्यायमूर्ती लाहोटी यांच्या चौकशीत मुख्य कारण निघाले ते हे, की कझाक विमान नेमून दिलेल्या उंचीखाली उतरले. रेडिओ चालू होता, संदेश गेला होता, तरी विमान खाली आले.

माझ्या आईचे पाणी आणि तो अपघात यांची तुलना होऊ शकत नाही. पण ‘ऐकू आले’ आणि ‘समजून हात हलले’ यांतले अंतर दोन्हीकडे तेच आहे. आदेश मिळाल्यावर तो परत म्हणून दाखवायची सवय तुम्हाला परेड ग्राउंडपासून रेडिओपर्यंत लावली जाते, ती हे अंतर मिटवण्यासाठीच.

आधी अग्रक्रम, मग वायर

चूक मला उशिरा कळली. तिन्ही आवाज मी एकाच पातळीवर आणले होते. सैन्यात असे कोणी करत नाही. तिथे प्रत्येक संदेशाला अग्रक्रम असतो. ‘फ्लॅश’ संदेश आला की ‘रुटीन’ने बाजूला व्हायचे. विमानातही हीच पद्धत आहे. छोट्या विमानांच्या कित्येक ऑडिओ पॅनेलमध्ये गाणी ऐकण्याची सोय असते, पण रेडिओवर आवाज आला की गाणे आपोआप दबते. कोणी कोणाला गप्प करायचे, हे वायर जोडण्याआधीच ठरलेले असते.

म्हणून एका रात्री डबी पुन्हा उघडली. लॅपटॉपचा उजवीकडचा रेझिस्टर काढून टाकला. आता काम फक्त डाव्या कानात येते, तेही बेताच्या आवाजात. मोबाइल आणि आईचा माइक दोन्ही कानांत येतात. उजवा कान एरवी शांत असतो, त्यामुळे तिथे खुट्ट झाले तरी मान वळते. लॅपटॉपला आवाज कमी-जास्त करायचे बटण आहे, मोबाइललाही आहे. आईच्या आवाजाला मी बटणच ठेवले नाही. ते असते तर एखाद्या दिवशी कंटाळून मी ते कमी केले असते. आणि आईची हाक आली की इथूनच मोठ्याने म्हणतो, ‘पाणी आणतो, आई.’ तेच माझे परत म्हणून दाखवणे.

आणखी एक दक्षता. सारख्या ताकदीचे दोन वेगळे आवाज मिसळले की एकूण पातळी ३ डेसिबलने वाढते. ३ डेसिबल ऐकायला फारसे वाटत नाहीत, पण कानावरचा भार दुप्पट होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार मोठ्या माणसांसाठी ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत सुरक्षित. ८३ झाला की निम्मे, म्हणजे २० तास. एक आवाज दुसऱ्याच्या वर काढायला दुसरा वाढवायचा, मग पहिला वाढवायचा, ही चढाओढ कानाला महागात पडते. त्यापेक्षा नको असलेला आवाज कमी करा. सैन्यात भरतीच्या वेळी कानांचीही तपासणी होते. सोळाव्या वर्षी घालवलेले कान अठराव्या वर्षी परत येत नाहीत.

डबी आता वर्षभर बिनतक्रार चालली आहे. आईच्या हाका चुकत नाहीत. ती अजून त्या माइककडे बघून मुद्दाम जोरात बोलते, मी दुसऱ्या गावाला असल्यासारखी.

फक्त रविवारी सकाळी साडेदहा ते अकरा ही वेळ मी कंपनीकडून सुट्टी म्हणून मागून घेतली आहे. त्या अर्ध्या तासात हेडफोन भिंतीवरच्या खुंटीला असतो आणि मोबाइल माझ्या हातात. ‘एवढी डबी केलीत, मग आता का?’ असे सौ.ने विचारले. मी म्हटले, त्या अर्ध्या तासात ऐकण्यासारखा आवाज एकच असतो, मिसळायला दुसरा नाहीच.

आणि पोरांनो, वडिलांनी पहिल्यांदा फोन उचलला नाही तर पुन्हा लावा. रांगेत मागे उभा असलेला एक मिनिट थांबेल. तुम्हीही त्याच्यासाठी थांबा.

जय हिंद.